डाव्या कडेची चमक

मामाने तिसऱ्यांदा तक्रार केली, तेव्हा मला त्याचाच संशय यायला लागला.

मामा वैमानिक. त्याच्या कंपनीचे वैमानिक ज्या सिम्युलेटरवर, म्हणजे पडद्यावर आकाश दाखवणाऱ्या नकली कॉकपिटमध्ये, परीक्षा देतात, त्याची देखभाल माझ्याकडे. परीक्षेत मामाचं विमान धावपट्टीच्या बाजूला उतरलं आणि बाहेर येऊन तो सगळ्यांदेखत म्हणाला, "डावीकडे चित्र फुटतंय. वीज चमकल्यासारखं होतं."

आमचं चित्र फुटायचं, हे खरं. मागे एकदा अख्खा डोंगर गायब झाला होता. म्हणून मी प्रोजेक्टर बदलले, सॉफ्टवेअर नव्याने टाकलं. नंतर कुणालाच काही दिसेना. मामाला मात्र दिसतच राहिलं.

"मामाला पास करायला भाचीबाई इमारतसुद्धा बदलतील," परीक्षक मला ऐकू येईल असं बोलले. मामा आपलं खापर माझ्या मशीनवर फोडतोय, असं मलाही वाटत होतंच.

दुसऱ्या दिवशी मी त्याला एकट्यालाच बोलावलं.

"आज उजव्या खुर्चीत बस."

"का गं? माझी परीक्षा घेतेस?"

"मशीनची घेतेय," मी थाप मारली.

विमान ढगांवर आलं. "ती बघ, परत चमक! डावीकडेच," तो म्हणाला. खुर्ची बदलली तरी डावीकडेच? या खुर्चीच्या डावीकडे तर चित्राचा वेगळाच भाग येतो. मी त्याला न सांगता सगळे प्रोजेक्टर बंद केले. आत मिट्ट काळोख झाला; त्याला वाटलं असावं, मी रात्रीचं चित्र लावलं.

"आणि आता?"

"आत्ताही चमकलं की!" मग तो थबकला. "तू चित्र बंद केलंस?"

"केव्हाच."

त्याने डोळे चोळले. "कुणाला बोलू नकोस. दमलोय मी, बाकी काही नाही."

"मामा, ऊठ. आत्ताच्या आत्ता डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं."

"माझं विमान काढून घेशील तू."

"घेईन," मी म्हटलं.

मामाच्या डोळ्याच्या आतला पडदा फाटायला लागला होता; चमक त्याचीच होती. त्याच दिवशी ऑपरेशन झालं आणि डोळा वाचला. पुन्हा उडायची परवानगी मिळेल का, ते अजून ठरायचंय. मामा माझा फोन घेत नव्हता.

परवा मामीचा फोन आला. "रविवारी जेवायला ये. तुझ्या मामानेच सांगितलंय."

"खरंच त्याने सांगितलं, की तूच बोलावतेस?"

मामी हसली. "इथेच बसलाय. देऊ का त्याला?"