आबा – रविवार

शिरूरच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर म्हणून उभा जन्म मी माइकवर ओरडण्यात घालवला. न्हावरा, पाबळ, दौंड, केडगाव चौफुला... गाड्यांची नावं घेताना माझा आवाज पार बाहेरच्या रसवंतीपर्यंत जायचा. पण फोनवर बोलायला मी पहिल्यापासून कच्चा. आमची एकुलती लेक तेजश्री जर्मनीत असते. तिचा फोन आला की माझी बायको सरू तासभर बोलायची आणि शेवटी फोन माझ्या हातात कोंबायची. मी म्हणायचो, "बरी हायस ना? थंडी हाय का? बरं, ठेवतो." झालं माझं काम. बापाने याहून जास्त काय बोलायचं असतं, असं मला वाटायचं.

दोन वर्षांपूर्वी सरू गेली आणि फोन थेट माझ्याच हातात आला.

सुरुवातीचे रविवार रडण्यात गेले. ती तिकडून, मी इकडून. मग दोघांनीही ते आवरतं घेतलं, आणि रडणं थांबलं तसं बोलणंही आटलं. इनामगावच्या या घरात आठवडाभर माझ्याशी बोलणारं कुणी नाही. शेजारचा ज्ञानू बांधावरून हात करतो, तेवढंच. सोमवारपासून मी मनात जुळवायचो की पोरीला हे सांगू, ते सांगू. रविवारी फोन वाजला की पाटी कोरी. एका रविवारी तर गॅसवर ठेवलेला चहा उकळायच्या आत आमचं बोलणं संपलं. आज चहा उकळायच्या आत बोलणं संपलं, उद्या फोन यायचाच थांबला तर? या भीतीने मला अन्न गोड लागेना.

म्हणून लिहून ठेवायला लागलो. पण कागद कधी बोअरवर राहायचा, कधी सदऱ्याबरोबर धुतला जायचा. मग फोनमध्येच लिहायचं ठरवलं, तर नवीच पंचाईत. फोन कानाला लावल्यावर त्यातलं वाचणार कसं? स्पीकर लावला तर तेजश्रीचा आवाज दुसऱ्याच कुणा बाईचा वाटतो, ते मला खपत नाही. घरात तिचा जुना टॅब पडून होता. शेतात फोनवर लिहिलेलं घरी टॅबवर दिसलं पाहिजे, एवढंच मला हवं होतं. त्यासाठी शिरूर गाठलं.

स्टँडसमोर निलोफरचं मोबाइलचं दुकान आहे. पोरगी तोंडाची फटकळ, पण कामाला चोख.

"मामा, असली ॲप खंडीभर हायेत," ती म्हणाली. "ह्यात रंग, चित्रं, कुलूप समदं हाय. पर वरसाला पैसं पडत्यात."

"पुढं."

"ह्ये फुकट हाय. पर मधीमधी जाहिराती."

"मी लेकीशी बोलताना गुडघ्याचं तेल इकायला येनार व्हय कुणी? पुढं."

"ह्ये झ्याक हाय, पर ह्याच फोनात ऱ्हातंय. फोन हिरीत पडला की लिवल्यालं पन हिरीत."

"मग कागद काय वाईट हुता?"

निलोफरने कपाळावर हात मारला आणि चौथं काढलं. साधं, पिवळ्या चिठ्ठीसारखं. मराठी येत होतं, आणि नुसतं बोललं तरी लिहून घेत होतं. "बोला कायतरी," ती म्हणाली. मी बोललो, "मिरचीची रोपं लागली!" दुकानातली सगळी गिऱ्हाइकं वळून बघायला लागली.

"मामा, हळू. ह्यो स्टँड न्हाई," निलोफर हसत म्हणाली. "बरं, ईमेल कंचा टाकू?"

"घरचा."

"घरचा म्हंजी?"

"आमच्या घरात एकच हाय."

खोटं नव्हतं. तेजश्रीच्या कॉलेजच्या ॲडमिशनला ईमेल लागला तेव्हा तो काढला होता. मग गॅसला तोच, पीकविम्याला तोच, माझ्या फोनला तोच आणि टॅबलाही तोच. रेशनकार्ड जसं घरात एक, तसा ईमेलही एक. निलोफर म्हणाली, "दोन्हीत आधीच चालू हाय की," आणि दोन बटणं दाबून तिने फोन आणि टॅब माझ्या हातात दिले. यात काही चुकतंय हे तिच्याही ध्यानात आलं नाही, माझ्याही नाही.

येताना एसटीत आठवेल ते सगळं फोनला सांगत आलो. घरी येऊन टॅब उघडला. माझी मिरची तिथे आलेली होती. जत्रेत खेळणं मिळालेल्या पोरासारखा मी खूश झालो. पण खाली आणखी चिठ्ठ्या होत्या, मी न लिहिलेल्या. नमुन्यादाखल कंपनीनेच टाकल्या असतील असं वाटलं. एकीवर लिहिलं होतं, "घरमालकाला हीटरचं सांगणे." दुसरीवर, "तूरडाळ, हिंग, पोहे." तिसरीवर नाव होतं, "आबा – रविवार."

मला आबा म्हणणारी एकच, तेजश्री. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. ईमेल तिचा, आणि तीही हेच ॲप वापरत होती. दोघांच्या चिठ्ठ्या एकाच खणात पडल्या होत्या. शहाण्या माणसाने तिथेच टॅब बंद केला असता. मी चष्मा लावला.

१. गुडघा कसा आहे
२. बोअरला पाणी आहे का
३. जेवायला काय केलं
४. गोळ्या घेतल्या का
कांद्याचा भाव विचारू नको, चिडतात.
गप्प झाले तर पावसाचं काढायचं.
आईचा विषय काढू नको. रडतात.

माझं टाळकं सणकलं. मी बाप आहे की जनगणनेचा फॉर्म? दर रविवारी गुडघा, पाणी, जेवण, गोळ्या, याच क्रमाने विचारते हे मला माहीत होतं. मला ती काळजी वाटायची. पोरगी तर यादी वाचून दाखवत होती! या रविवारी फोन उचलायचाच नाही असं मी ठरवून टाकलं, आणि दोन दिवस एकटाच धुमसत राहिलो. भांडायला तरी समोर कुणीतरी लागतं.

शनिवारी दुपारी माझीच यादी पुसून टाकावी म्हणून टॅब घेतला. मिरची लागली. ज्ञानूच्या गाईला कालवड झाली. स्टँडवर नवीन बाकडी आली. आणि सगळ्यात खाली, माझ्याच तोंडचं, "सरूचं नाव काढायचं नाही. पोर रडते."

ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, आपल्यातलं मुसळ दिसत नाही, म्हणतात ते काही खोटं नाही. आम्ही दोघं एकमेकांना जपत बसलो होतो, आणि त्या जपण्यात सरू घरातून दुसऱ्यांदा गेली होती. मला फार वाईट वाटलं. सरूचं नाव मी मोठ्याने शेवटचं कधी घेतलं होतं, तेही आठवेना.

मग मी लेकीची चिठ्ठी उघडली आणि चौथ्या प्रश्नाखाली लिहिलं, "५. आईची आठवण येते का, ते विचार."

रविवारी चारला चहाचं आधण ठेवलं आणि फोन वाजला. टॅब समोर होता.

"आबा, गुडघा कसा आहे?"

"बरा हाय."

"बोअरला पाणी?"

"हाय थोडंफार."

"जेवायला काय केलंत?"

"पिठलं."

"गोळ्या घेतल्या ना?"

"घेतल्या."

आणि मग ती थांबली. एरवी अशा वेळी मी "बरं, ठेवतो" म्हणून सुटका करून घेतली असती. या वेळी फोन घट्ट धरून बसलो.

"आबा," ती हळूच म्हणाली, "ही पाचवी ओळ मी लिहिलेली नाही."

"म्या लिवली. आपल्या घरात ईमेल एकच हाय, बाय."

ती हसली नाही, रागावलीही नाही.

"इचार की," मी म्हणालो.

"आईची आठवण येते का, आबा?"

"येती. दिवेलागणीला लई येती. तिनं हाक मारल्यागत वाटतं, आन् मी आलो आलो म्हनत आत जातो. आत कुणी नसतं गं."

यादीत नसलेलं मी प्रथमच बोलत होतो. ती रडली, मीही रडलो. मग तिने सरूच्या लसणाच्या चटणीचं काढलं, मी सरूच्या भांडखोरपणाचं काढलं. गॅसवर चहा उकळला, उतू गेला आणि भांडं करपलं तेव्हा कुठे आम्ही फोन ठेवला.

घर पुन्हा पहिल्यासारखं गप्प झालं. टॅबवर तिची चिठ्ठी तशीच उघडी होती. बघता बघता, माझ्या डोळ्यांदेखत, "आईचा विषय काढू नको" ही ओळ पुसली गेली. इतक्या लांबून तिने ती काढली होती.

आपणही आपली पुसावी म्हणून मी माझी यादी उघडली. मिरची होती, कालवड होती, बाकडी होती. सरूची ओळ तिने आधीच पुसली होती.