कोऱ्या डोळ्यांचा भोपळा

मी एक जुना टीव्ही आहे, मित्रांनो. चोवीस इंची, डाव्या कोपऱ्याला पोचा आलेला. पेणमध्ये गणपतींच्या कारखान्यांची एक आळी आहे, तिथल्या बालवाडीत मी भिंतीला टेकून बसलेला असतो. सगळे माझ्याकडे बघतात, पण मला काय दिसतं हे कोणी विचारत नाही. माझं चित्र मला कधीच दिसत नाही. मला दिसतात ती फक्त बघणाऱ्यांची तोंडं.

माझी उमेदीची वर्षं समोरच्याच हैबतरावांच्या कारखान्यात गेली. क्रिकेटचा सामना लागला की रंगारी ब्रश दातांत धरून माझ्यापुढे बसत आणि "टीव्ही असावा तर असा!" म्हणून मला थोपटत. मग तिथे मोठा टीव्ही आला आणि मी दोन वर्षं गोणपाटाखाली शाडूची धूळ खात पडलो. गरज सरो नि वैद्य मरो, दुसरं काय! शेवटी बालवाडीच्या नूतनबाईंनी मला मागून नेलं. त्यांनी फडक्याने पुसलं तेव्हा मला रडूच येणार होतं, पण टीव्हीने रडलं तर आत शॉर्ट होतं.

गेल्या ऑक्टोबरात बालवाडीतल्या बतूलची आई फरझाना एक पेनड्राइव्ह घेऊन आली. बतूलच्या अब्बांनी कुवेतहून पाठवलेलं हॅलोविनचं, म्हणजे परदेशातल्या भुताखेतांच्या सणाचं, कार्टून त्यात होतं.

"बाई, भुताचं हाय, पण हसवणारं हाय. आमची बतूल रोज बघते."

"आधी मी पुरतं बघीन," बाई म्हणाल्या. "भुताच्या बाबतीत मी कुणाचं ऐकायची नाय."

मुलं गेल्यावर बाईंनी ते शेवटपर्यंत बघितलं. गोष्ट एका पोखरलेल्या भोपळ्याची होती, डोळ्यांच्या जागी नुसती भोकं असलेल्या. त्याला कोणी खेळायला घेत नाही, शेवटी सगळे घेतात. बाई दोनदा हसल्या आणि "काय वाईट नाय" म्हणून उठल्या.

दुसऱ्या दिवशी माझ्यापुढे अठरा तोंडं होती. सतरा खिदळत होती. दुसऱ्या ओळीतली चार वर्षांची सुरभी मात्र हसत नव्हती. तिचं तोंड उघडं राहिलं होतं आणि हात फ्रॉकच्या घेरात घट्ट आवळले होते. बाई माझ्याकडे बघत होत्या. अहो बाई, मला काय बघता, तिला बघा! मी मनातल्या मनात ओरडलो. पण आवाज असून मला स्वतःचं एक अक्षर बोलता येत नाही.

शाळा सुटल्यावर सुरभीची आई मालू तिला न्यायला आली. मालू हैबतरावांकडे आखणी करते, म्हणजे मूर्तींचे डोळे रंगवते. त्यांचं घर कारखान्याच्या मागेच, वाट मूर्तींमधून जाते. सुरभी दाराची चौकट सोडेना.

"मी नाय येणार! आपल्या गणपतींना पण डोळे नायत!"

मला सगळं उमगलं. पुढच्या वर्षाच्या पांढऱ्या मूर्ती आत्तापासून ओळीने उभ्या असतात. आखणी सगळ्यात शेवटी होते, तोवर डोळे कोरे. त्यांच्यातच ही पोर रांगायला शिकली, कधी भ्याली नाही. आता त्या भोपळ्याने तिच्या घराचंच भूत केलं होतं.

मालूने तिला पदराखाली झाकून नेलं. तीन दिवस रोज तेच रडणं. फरझाना ओशाळून आली. "बाई, माझ्यामुळं झालं."

"नाय गो. चूक माझी हाय. मी कार्टून बघितलं, पोरीचं तोंड बघितलं नाय. आता निस्तरीन पण मीच."

चौथ्या दिवशी बाईंच्या सांगण्यावरून मालू एक वीतभर मूर्ती आणि काळा रंग घेऊन बालवाडीत आली. सुरभीला मांडीवर घेऊन तिने एक डोळा आखला. दुसऱ्याच्या वेळी सुरभीने आईचं मनगट धरलं होतं. डोळा उमटला आणि पोर कितीतरी वेळ मूर्तीकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "भोपळ्याला पण काढू?"

बाईंनी मला लावलं आणि भोपळा थांबवून धरला. सुरभी एक डोळा मिटून, ब्रश लांब धरून पुढे आली. माझ्या काचेवर दोन गार ठिपके टेकले. मागे सरून तिने दोन्ही डोळे उघडले.

"आता त्याला दिसतं," ती म्हणाली आणि आईचा हात ओढत पुढे होऊन घरी निघाली.

त्या दिवसापासून बाईंनी ठरवून टाकलं. ते कार्टून शाळेतल्या मोठ्या मुलांना चालेल, चार वर्षांच्यांना नाही. आणि काहीही दाखवताना बाईंची खुर्ची माझ्या शेजारी, मुलांकडे तोंड करून असते. आता आम्ही दोघं एकच बघतो.

मित्रांनो, कार्टूनवर 'मुलांसाठी' असं लिहिलेलं असतं. कोणत्या मुलासाठी, ते लिहिलेलं नसतं. तुमच्या घरी धाकटं भावंड असेल तर मध्येच एकदा माझ्यासारख्याकडे पाठ करा आणि त्याच्या तोंडाकडे बघा. ते हसत नसेल तर बंद करा, गोष्ट अर्धी राहिली तरी चालेल.

आणि कधी इकडे येऊन मला पुसलंत, तर काचेवरचे दोन काळे ठिपके तेवढे राहू द्या. सुरभी रोज सकाळी आल्या आल्या आधी तेच बघते, आणि मगच चपला काढते.