इतर कपाती

सौर कंपनीचा करण करारनामा घेऊन आला, तेव्हा मी मालनबाईंच्या ओट्यावर बसले होते. नेवाशाजवळच्या या शिवारात माझी दोन एकरं, त्यांची तीन. मध्ये एकच बांध. दोघींचा मिळून करारही एकच होता, एकोणतीस वर्षांच्या भाड्याचा.

"मॅडम, सगळ्या गावानं सह्या केल्या. तुम्हीच तेवढ्या वाचत बसल्यात," करण म्हणाला.

"राहुरीला केमिस्ट्री शिकवती ती," मालनबाई म्हणाल्या. "वाचल्याबिगर पान्याच्या बाटलीलाबी हात लावीत न्हाई."

मी सातव्या कलमावर बोट ठेवलं. 'भाड्यातून लागू कर व कंपनीस योग्य वाटतील अशा इतर कपाती वजा करून उर्वरित रक्कम अदा केली जाईल.'

"टीडीएस हो, मॅडम. सरकारचा नियमच आहे."

"टीडीएस कापा. तो माझ्या नावावर सरकारजमा होतो, रिटर्न भरताना दिसतो, जास्त गेला तर परत मागता येतो. 'इतर' मला कुठे दिसणार?"

"ते नुसतं लिहायचं असतं. कापतंय कोण?"

"मग खोडायला काय हरकत?"

करण हसला. "पलीकडच्या शिवारात लोक जमिनी द्यायला तयार बसलेत. मावशी, समजवा यांना. यांच्या हट्टापायी तुमचंही भाडं जाईल."

मला भीती होती ती याचीच. माझा पगार चालू होता. मालनबाईंना मात्र ते भाडं हवंच होतं. गुडघे गेल्यापासून त्यांच्याच्यानं शेत होत नव्हतं.

"मालनबाई, तुम्ही वेगळा करार करा. मला राग येणार नाही," मी म्हणाले. "पण प्रयोगशाळेत एखाद्या बाटलीवर 'आम्ल व इतर' असं लिहिलेलं असेल, तर मी ती उघडत नाही."

मालनबाईंनी करणकडे पाहिलं. "डेरीला दूध घालते मी. दुधात 'इतर' निघालं तर क्यान माघारी येतो. मंग तुमचं 'इतर' आमी का घ्यायचं रं?"

मी पेन काढलं. ती ओळ खोडली, वर लिहिलं : 'कायद्याने सक्तीची तेवढीच करकपात, तिचा दाखला कंपनी देईल.' शेजारी छोटी सही केली. मालनबाईंनी चष्मा पुसला आणि माझ्या सहीखाली आपली सही सावकाश ओढली.

"आता कंपनीची," मी म्हणाले.

"मला तो अधिकार नाही, मॅडम."

"मग ज्याला आहे त्याला घेऊन या."

"आन् येताना फोन कर," मालनबाई म्हणाल्या. "च्या तवाच ठिवते."