टाळी राहिली

“अगं, कर सुरू,” सर सवयीने पडद्याकडे तोंड करून म्हणाले आणि मग भानावर आले.

समोर त्यांची विद्यार्थिनी, एक नर्स, वही उघडून बसली होती. सरांची बायको जाऊन महिना झाला होता. घर खायला उठायचं. शिकवणी बंदच करायची, असं त्यांनी ठरवलं होतं. पण नर्सची परदेशातल्या नोकरीची इंग्रजीची परीक्षा परवावर आली होती आणि तिचं घोडं नेमकं ‘विथ’पाशी पेंड खात होतं.

एकतीस वर्षं सरांनी हा शब्द एकाच पद्धतीने शिकवला. बायको पडद्याआड बसून एकेक वस्तू वाजवायची. शिकणाऱ्याने नुसतं ऐकून, कशाने काय चाललंय ते ‘विथ’ लावून सांगायचं. शेवटी दोन्ही हातांनी टाळी. मग ती हसत बाहेर यायची, सरांशेजारी बसायची आणि सर म्हणायचे, “हा दुसरा विथ. सोबतीचा.” पुस्तकात ढीगभर अर्थ दिले होते. सरांचं या दोनांवर भागायचं.

“मी जाते आत,” नर्स म्हणाली. “तुम्ही ओळखा.”

“मी? अहो, परीक्षा तुमची आहे की माझी?”

“आज तुमची.”

ती पडद्याआड गेली. “काकूंनी ट्रेमध्ये सगळं ओळीनं मांडून ठेवलंय हो, सर!”

सरांना ते माहीत होतं. त्या ट्रेला त्यांनी हात लावला नव्हता.

कापड कापल्याचा आवाज आला. “विथ सिझर्स,” सर म्हणाले. कपावर टिंग झालं. “विथ अ स्पून.” मग काहीतरी खसाखसा घासलं गेलं. “विथ अ ब्रश,” म्हणताना त्यांना रडू फुटलं. त्यांनी ते लपवलं नाही.

नर्स बाहेर येऊन आपल्या खुर्चीत बसली. “टाळी राहिली, सर. वाजवू?”

“नको. ती तिची आहे.”

दोघं पडद्याकडे बघत राहिली. खिडकी बंद होती, पंखाही बंद होता. सरांनी मान किंचित कलती केली, कान देताना करायचे तशी.

“विथ बोथ हँड्स,” ते म्हणाले.

नर्सला काहीच ऐकू आलं नव्हतं. तरी तिने वाक्य उतरवून घेतलं.

“आता दुसरा,” सर म्हणाले आणि बायकोला नीट बसता यावं इतकी शेजारची खुर्ची मागे ओढली.