एमिल सांडालचा स्वेटर

एमिल सांडाल मार्चमध्ये विषमज्वरानं वारला आणि सप्टेंबरमध्ये नॉर्डबी कॉलेजच्या फुटबॉल संघात दाखल झाला. मधल्या काळात त्याचं वजन भलतंच वाढलं होतं, नाक दोनदा मोडून वाकडं झालं होतं आणि वय एकोणीसवरून तिशीला टेकलं होतं. नेब्रास्काच्या त्या भागातली माणसं स्वीडिश आणि भाविक. त्यांनी यावर फारशी चर्चा केली नाही. एमिलच्या बापानं वर्षाची फी आगाऊ भरून ठेवली होती. मुलगा गेला म्हणून नावही वाया घालवायचं, ही उधळपट्टी कुणालाच मानवली नसती.

नव्या एमिलचं खरं नाव टूरे हेग्लुंड. तो नदीपलीकडच्या गावचा लोहार. एक घोडा नाल ठोकू देईना, तेव्हा टूरेनं त्याच्या मानेत हात घालून त्याला खाली बसवलं. ते प्रशिक्षक क्विग्लीनं पाहिलं आणि त्याच संध्याकाळी टूरेला कॉलेजशिक्षण मिळालं.

लूप व्हॅली कॉन्फरन्स ही हातात चेंडू घेऊन खेळायच्या अमेरिकन फुटबॉलची साखळी, तिच्यात पाच कॉलेजं होती. पाचही धार्मिक, आणि पाचांकडेही एकेक असा लोहार होता. नियम मात्र कडक: खेळाडू वर्गात बसणारा विद्यार्थीच हवा. म्हणून टूरेला प्राध्यापक आल्ग्रेन यांच्या ग्रीकच्या वर्गात बसवलं, कारण तिथं बाक रिकामा होता. तो बाक एमिलचाच.

टूरेला ग्रीक आलं नाही. ऑक्टोबरमध्ये आलं नाही, नोव्हेंबरमध्येही आलं नाही. पण पहिल्याच आठवड्यात त्यानं एक उत्तर ठार चुकवलं, तेव्हा आल्ग्रेन म्हणाले, "चूक. पुन्हा विचार करा."

टूरे दिवसभर त्या वाक्याभोवती फिरत राहिला. भट्टीवर त्याला माणसं खूप काही म्हणाली होती. विचार करा असं कुणी म्हटलं नव्हतं. पुन्हा तर नाहीच नाही.

एक दिवस तास संपल्यावर तो मागं थांबला. "मास्तर, एक सांगायचंय. मी एमिल नाही."

"ठाऊक आहे," आल्ग्रेन म्हणाले. "त्याच्या मातीला प्रार्थना मीच म्हटली."

"मग रोज त्याच्या नावानं हजेरी कशी काय घेत होतात?"

"तुम्ही 'हजर' म्हणत होतात. म्हटलं, एवढ्या उत्साहानं येणाऱ्याला कशाला अडवा."

टूरेनं टोपी हातात पिळली. "माझं नाव टूरे हेग्लुंड. त्या नावानं हाक माराल?"

दुसऱ्या दिवशी हजेरी संपली, मास्तर क्षणभर थांबले आणि म्हणाले, "टूरे हेग्लुंड." टूरे "हजर" असा ओरडला की शेजारच्या वर्गातलं गणित थांबलं. तेव्हापासून सगळ्यांत शेवटी त्याचं नाव यायचं, आणि ते येईपर्यंत तो श्वास धरून बसायचा.

"थँक्सगिव्हिंगच्या सामन्यात हार्लो कॉलेजवाल्यांना अडव," क्विग्लीनं शब्द दिला होता. "मग वर्षभर इथंच राहा. बॉयलरशेजारची खोली, दोन वेळचं जेवण. हवं तेवढं ग्रीक शीक, बाबा."

"आणि नाही खेळलो तर?"

"तर तुझे घोडे वाट बघतायत."

सामन्याआधी एक रिवाज होता. दोन्ही कप्तान मैदानाच्या मध्यभागी यायचे, एकमेकांच्या तोतयावर हरकत घ्यायचे, मग हात मिळवून दोन्ही हरकती मागं घ्यायचे. सभ्यपणा म्हणतात तो हाच. पण त्या वर्षी पंच नवा होता, पेटिट नावाचा दातांचा डॉक्टर. हरकत म्हटल्यावर मुळापर्यंत जायची त्याला सवय.

हार्लोच्या तोतयाला त्यानं विचारलं, "तुझं नाव?"

"ब्राउन," मल्लॉय म्हणाला. मल्लॉय हे त्याचं खरं नाव, आणि तो रेल्वेच्या इंजिनात कोळसा टाकायचा.

"शिकतोस काय?"

मल्लॉयनं आपल्या पंजांकडं पाहिलं. "पियानो."

त्याला बाहेर बसवलं. मग पेटिटनं आल्ग्रेनना बोलावलं. "प्राध्यापक, हा एमिल सांडाल तुमचा विद्यार्थी आहे ना?"

आल्ग्रेननी हॅट काढली. क्विग्लीनं डोळे मिटले.

"एमिल माझा विद्यार्थी होता. फार गुणी पोरगा."

"होता?"

"देवाघरी गेला."

"मग हा?"

"हे टूरे हेग्लुंड. हेही माझे विद्यार्थी."

पेटिटनं यादी पाहिली. हेग्लुंड कुठंच नव्हता. त्यानं कॉलेजचे अध्यक्ष पाद्री लुंडीन यांच्याकडं पाहिलं. हा आमचा आहे म्हणावं, तर नॉर्डबीनं हंगामभर एक मयत खेळवला असं ठरत होतं, आणि सगळे विजय बाद.

"या गृहस्थांना मी आज पहिल्यांदाच पाहतोय," पाद्री म्हणाले. मागच्या रविवारी त्यांनीच टूरेच्या ताटात दुसऱ्यांदा बटाटे वाढले होते. बायबलात शिष्य आपल्या गुरूला असा नाकारतो, तेव्हा कोंबडा आरवतो. नॉर्डबीत दुपार होती, आणि कोंबड्या तशाही सणाच्या जेवणासाठी चुलीवर गेल्या होत्या.

टूरेनं स्वेटर काढून दिला. तो धर्मशास्त्राच्या लिंडब्लाडनं घातला. लिंडब्लाडला स्वेटर गुडघ्यापर्यंत आला. दोघे तोतये कडेच्या बाकावर एकाच घोंगडीत बसले.

लोकांनी गेले तीन महिने जिथं तो स्वेटर दिसेल तिथं "सांडाल! सांडाल!" ओरडायची सवय लावून घेतली होती. ते ओरडतच राहिले. दर हाकेला टूरेची मान वळायची.

"ए, तुला नाही बोलवत," मल्लॉय म्हणाला.

"माहितीय."

शेवटी शेवटी चेंडू लिंडब्लाडच्या हातात कसा आला, हे खुद्द लिंडब्लाडलाही कळलं नाही. तो घाबरून त्याला मिठी मारून आडवा पडला. त्याच्यावर सहा-सात जण पडले आणि त्या वजनाखाली तो गोल-रेषेपलीकडं घसरला. त्याचे त्या काळी पाच गुण. नॉर्डबी जिंकलं, कॉन्फरन्सचं अजिंक्यपद आलं. टूरेशिवाय आलं.

गर्दी मैदानात शिरली. आल्ग्रेन उलट्या दिशेनं चालत बाकापाशी आले आणि उभे राहिले. वाऱ्यानं त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, किंवा वारा नुसता निमित्ताला होता.

"तुम्हाला खोटं बोलता येत नाही, मास्तर. मला माहीत होतं," टूरे म्हणाला.

"येतं हो. मला आज बोलायचंही होतं." म्हाताऱ्यानं हॅट फिरवली. "वेळेवर सुचलं नाही."



"चूक, मास्तर," तो हळूच म्हणाला. "पुन्हा विचार करा."

आल्ग्रेननी हॅट घातली आणि ते निघून गेले. चालताना ते खरोखरच विचार करत होते, आणि आता त्याचा कुणालाच उपयोग नव्हता.

"ऐक गड्या," मल्लॉय म्हणाला. "पूर्वेकडं एका शेतकी कॉलेजला पुढच्या हंगामाला दांडगा माणूस हवाय. नाव तयार आहे. वॉल्टर पिम."

"जिवंत आहे?"

"कोण?"

"पिम."

मल्लॉयनं घोंगडी ओढून घेतली. "असले प्रश्न ते लोक विचारत नाहीत."

तिकडं फोटोवाल्यानं कॅमेऱ्याचं तिकाटणं उभं केलं. कप्तान जुन्याच यादीतून एकेकाला नावानं पुकारून ओळीत बसवू लागला. "सांडाल!" म्हटल्यावर लिंडब्लाड घाईनं पुढं सरला, स्वेटरात अडखळला, बसला. टूरे घोंगडीत ताठ झाला. नावं संपत आली तसा त्यानं सवयीनं श्वास धरला.

नावं संपली. कप्तानही आपल्या जागी जाऊन बसला. फोटोवाल्यानं डोक्यावर काळं फडकं ओढून घेतलं आणि सगळ्यांना हलू नका म्हणून सांगितलं.

टूरेही हलला नाही.