अडकलेले पैसे

राधाताई मस्कतहून कायमची परतली आणि येरवड्यात तिच्या भावाच्या, दशरथच्या, घरी सगळ्यांना स्वप्नं पडू लागली. दशरथला वरच्या मजल्याचा स्लॅब दिसायचा, वहिनीला सोन्याच्या पाटल्या. अठरा वर्षं तिथं लोकांची मुलं सांभाळून ताईनं पैसा साठवला होता आणि तो आपलाच, असं या घरानं परस्पर ठरवून टाकलं होतं. मी शेजारीण, मला मेलीला ते बघवत नव्हतं.

ताईनं मात्र आल्या आल्या एकच सांगितलं, "पैसे अडकलेत रे."

झालं! मस्कतच्या मालकानं पैसे बुडवले, असा दशरथनं अर्थ लावला आणि तडक हिंमतरावांकडे गेला. हिंमतराव म्हणजे आमचे भावी नगरसेवक. मी लग्न होऊन आले तेव्हाही ते भावीच होते. त्यांनी चौकात फ्लेक्स लावला, 'राधाताईंचे अडकलेले पैसे मिळालेच पाहिजेत!' हिंमतराव पुरुषभर उंच, हात जोडलेले. ताईचा फोटो खाली कोपऱ्यात, इतका गंभीर की दोघी-तिघी बायका दुखवट्याला आल्या. दार ताईनंच उघडलं, चहाही तिनंच पाजला.

मग हिंमतराव स्वतः आले. मीही लगबगीनं मागोमाग शिरले.

"ताई, उद्या मोर्चा. आपण फक्त चोराचं नाव सांगा."

"चोर कुठला? बँकेत आहेत. मीच मुदत ठेवीत अडकवलेत. व्याज तेवढं महिन्याला हातात येतं."

हिंमतरावांना एकदम दुसरीकडचं काम आठवलं. दशरथ लालबुंद झाला. "मग अडकलेत काय म्हणालीस?"

"अडकलेतच की! तुला काढता येतायत का?"

मी पदर तोंडाला लावून पोटभर हसले. दशरथ मात्र मटकन खाली बसला. "म्हातारपणी आम्ही तुला सांभाळलं नसतं का गं?" खरं सांगते, त्याचे डोळे भरले होते. मलाच वाईट वाटलं.

"सांभाळशील रे," ताई म्हणाली. "पण जन्म गेला दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात. आता माझ्या ओट्यावर माझ्या मर्जीनं कांदा चिरायचाय. वारज्यात भाड्यानं खोली बघितलीय."

"वारज्यात? एवढ्या लांब?"

"मस्कत जवळ होतं का रे?" ताईनं विचारलं.