मंगळवार आणि वाफसा

हिंजवडीतल्या भावकीच्या जमिनींवर काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. मथुराबाईंचं अर्धा एकर रान तेवढं उरलं होतं. त्यावर त्यांच्या लेकाची, जयसिंगची नजर होती. कंपनीच्या बसगाड्या लावायला जागा हवी होती आणि ठेकेदार रोज ओसरीवर चहा पिऊन जात होता. मथुराबाईंनी लेकाला एवढंच कबूल करायला लावलं होतं: यंदाचा हरभरा नीट उगवला तर रान राहील, नाहीतर खुशाल मुरूम टाक.

जोडीला त्यांनी हेमाला धरलं. हेमा नारायण पेठेतली, समोरच्या इमारतीत कॉम्प्युटरवर बसणारी आणि सुट्टीच्या दिवशी बायोडायनॅमिक शेती करणारी. गाईच्या शिंगात शेण भरून पुरायचं, छापील कॅलेंडरात चंद्र बघून पेरायचं. मथुराबाईंना त्यात नवल वाटलं नाही. त्यांची सासूही अमावास्येला औत धरू देत नसे. तिचं कॅलेंडर छापलेलं नव्हतं, म्हणून लोक तिला अडाणी म्हणत.

हस्ताचा पाऊस दणकून पडला आणि हेमा धावत आली. "आजी, कॅलेंडरात मंगळवार हा बियांचा दिवस आहे! ऑफिसातले सगळे रजा टाकून पेरायला येतायत."

"येऊ देत की. रान न्हाई येत मंगळवारी."

मथुराबाईंनी माती मुठीत दाबून गोळा केला आणि खाली टाकला. गोळा होता तसाच राहिला. "ह्यो फुटला का वाफसा आला म्हनायचं. ओल हाय, पन चिखल न्हाई. आत्ता पेरशील तर बी कुजंल, अन् त्यावर बस उभी ऱ्हाईल."

"पण चंद्र थांबत नाही, आजी!"

"त्याला कोन थांबवतंय? त्याच्या दिवशी त्याचं काम करू."

मंगळवारी पँटी दुमडून मंडळी आली. मथुराबाईंनी सगळ्यांना बांधावरच बसवलं. कुणी बादलीत शिंगखत घोळलं, आधी सुलट, मग उलट. कुणी हरभऱ्याला शेण-राख चोळून तो सावलीत गोणपाटावर पसरला.

"हे कॅलेंडरात बसतं?" एकानं विचारलं.

"बियाला हात लागला का पेरनी सुरू झाली," मथुराबाई म्हणाल्या. हे शास्त्र त्यांनी तिथल्या तिथंच घडवलं होतं, पण हेमानं सगळ्यात जोरात मान डोलावली.

शुक्रवारी गोळा फुटला आणि दोघींनी पेरून घेतलं.

पुढच्या आठवड्यात जयसिंग ठेकेदाराला घेऊन आला आणि तूट शोधत ओळीओळीनं फिरला. सगळीकडे कोंब वर आलेले. शेवटी बांधाच्या कडेला त्याला घोंगडीएवढा बोडका तुकडा सापडला.

"आये, हितं काय झालं गं?"

मथुराबाईंनाही ते ठाऊक नव्हतं. हेमा मात्र लाल झाली. "तिथं मी मंगळवारीच पेरलं होतं. गुपचूप. चंद्राला वाईट वाटू नये म्हणून."

मथुराबाईंनी आधी ठेकेदाराकडे पाहिलं, मग लेकाकडे.

"शबुद म्हंजे शबुद, जयसिंगा. जेवढं उगवलं न्हाई तेवढं दिलं त्यांला. विचार, सायकल लावत्यात का."